जावात यादी सॉर्ट करायची? आधी एवढंच बघ

अरे, जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वर्गणीची यादी रकमेप्रमाणे सॉर्ट करताना, म्हणजे क्रमाने लावताना, गोंधळ होतोय म्हणालास ना, घाबरू नकोस. कंपेरेटर, म्हणजे दोन गोष्टींची तुलना करणारा कोडचा तुकडा, सगळ्यांनाच आधी उलटा वाटतो. तुझं इंदूरच्या रामबागेतल्या गणपतीच्या वर्गणीचं उदाहरण मस्त आहे, तेच धरून चालू.

कंपेरेटर एकच सांगतो, दोघांत आधी कोण. उणे आलं तर पहिला आधी, अधिक आलं तर दुसरा आधी, शून्य म्हणजे बरोबरी. बस, हे डोक्यात पक्कं बसव, बाकीचं सॉर्ट बघून घेतं.

आता चुका. तुझी रक्कम स्ट्रिंगमध्ये, म्हणजे आकडा नाही तर मजकूर म्हणून, आहे, म्हणून १००१ वाले काका २५१ वाल्यांच्या आधी येतायत, कारण तिथे एकेक अक्षर पुढून बघितलं जातं, आणि इथे पहिल्याच अक्षरात एक दोनच्या आधी, संपलं. रक्कम इंट, म्हणजे पूर्णांक, कर आणि मग सॉर्ट कर.

दुसरी चूक म्हणजे कंपेरेटरमधून ए वजा बी, म्हणजे दोन आकड्यांची वजाबाकी, हेच उत्तर म्हणून परत करणं. छोट्या आकड्यांना चालतं म्हणून सगळे लिहितात, पण एक आकडा मोठा आणि दुसरा मोठा उणे असला की उत्तर इंटमध्ये मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या, २१४७४८३६४७ च्या, पुढे जातं आणि चिन्हच फिरतं. त्याऐवजी जावातलं तयार इंटीजर डॉट कंपेअर वापर, खरंच, आजपासूनच.

आणि बरोबरीला कधी एक, कधी उणे एक देऊ नकोस, जावा ७ पासून सॉर्ट अर्ध्यातच एक्सेप्शन फेकू शकतं, म्हणजे चूक दाखवून थांबू शकतं.

रक्कम सारखी असेल तर नावावर लावायला देनकंपेअरिंग आहे, जावा ८ पासून. याहून अवघड गोष्टी आत्ता नको. आधी पाच नावांची यादी घे, कागदावर क्रम लिही, मग चालवून बघ, अडलास तर कोड टाक इथे.