शैवालात गेलं की शैवालाला चिकटलं?

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पासाठी आम्ही क्लोरेला हे हिरवं शैवाल आर्सेनेट (आर्सेनिकाचं ऑक्सिजनयुक्त रूप) आणि कॅडमियम घातलेल्या बीजी-११ या पोषक माध्यमात वाढवलं. आठवड्याने गाळलं, वाळवलं, आम्लात विरघळवून आयसीपी-एमएसवर (मूलद्रव्यं त्यांच्या वस्तुमानावरून ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजलं. तिन्ही फ्लास्क सारखेच, तरी आकड्यांत जवळजवळ दुपटीचा फरक. यंत्र चुकतंय का?

उत्तर : यंत्राकडे नंतर जाऊ. तुम्ही कळवलेल्या कृतीत धुण्याचा उल्लेखच नाही. गाळणीवरच्या हिरव्या थरात पेशींच्या मधे माध्यम अडकून राहतं. वाळवलं की पाणी उडून जातं आणि त्यातला विषारी ऐवज तुमच्या शैवालाच्या खात्यावर जमा होतो. कुठे थर जाड, कुठे पातळ, त्यामुळे आकडेही तसेच.

कॅडमियमचं दुखणं आणखी वेगळं. पेशीभित्तिकेवरचे ऋणभारित गट त्याला बाहेरच धरून ठेवतात. ईडीटीए या धातू पकडून ठेवणाऱ्या रसायनाच्या सौम्य द्रावणाने थोडा वेळ धुतलंत तर हे बाहेरचं कॅडमियम सुटतं. आर्सेनेट मात्र स्वतःच ऋणभारित, त्याच्यावर ईडीटीएची मात्रा थेट चालत नाही. ते चिकटतं पेशींवर साचलेल्या लोहाच्या तपकिरी साक्याला. तिथे फॉस्फेटचं द्रावण वापरा, ते आर्सेनेटला हुसकून त्याची जागा घेतं. धुणं आटोपशीर ठेवा, रेंगाळलात तर पेशींच्या आतलंही बाहेर झिरपायला लागेल. आणि धुवण फेकू नका! माध्यमात उरलेलं, धुवणात आलेलं, पेशींत सापडलेलं, या तिघांची बेरीज घातलेल्या आर्सेनिकाच्या जवळपास यायला हवी. मी तर ही बेरीज पाहिल्याशिवाय कुणाचा आलेख उघडत नाही.

आता फॉस्फेटचा विषय निघालाच आहे तर. पेशी आर्सेनेटला फॉस्फेट समजून त्याच वाटेने आत घेते. बीजी-११ मध्ये लिटरला ४० मिलिग्रॅम डायपोटॅशियम फॉस्फेट असतं, म्हणजे सुरुवातीला आर्सेनेटला त्या वाटेवर भरपूर स्पर्धा. जो फ्लास्क जोमाने वाढला तिथे फॉस्फेट लवकर संपलं, तिथे आर्सेनिकाला रान मोकळं. तेव्हा गाळण्याच्या दिवशी प्रत्येक फ्लास्कमधलं उरलेलं फॉस्फेटही मोजा. 'सारखे फ्लास्क' हे फक्त पहिल्या दिवशी खरं असतं.

यंत्राबद्दल एकच सांगतो, कारण त्यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. नमुना नीट विरघळावा म्हणून नायट्रिक आम्लात मी हायड्रोक्लोरिक मिसळलं आणि शैवाल नसलेल्या कोऱ्या नमुन्यातही आर्सेनिक दिसायला लागलं. दोन दिवस बाटल्या घासल्या. आर्सेनिकाचं वस्तुमान ७५, आणि यंत्रातला ४० चा आर्गॉन व आम्लातला ३५ चा क्लोरीन जोडीने येऊन नेमके ७५ वरच बसतात. तुम्ही नुसतं नायट्रिक वापरा, जमल्यास हेलियमचा कोलिजन सेल (अशा जोड्यांना हेलियमच्या धडकांनी अडवणारा यंत्रातला कप्पा) सुरू ठेवा.

पुढच्या पत्रात कोऱ्या नमुन्याचे आकडेही कळवा. या वेळी ते नव्हते.