साइटवरचा रोजचा रिपोर्ट: ‘काम चालू’ म्हणजे नेमकं किती?

प्रश्न: घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरच्या साइटवर मी ज्युनिअर इंजिनिअर आहे. रोज संध्याकाळी दोन पानी डीपीआर (रोजच्या प्रगतीचा रिपोर्ट) पाठवतो, तरी प्रोजेक्ट मॅनेजर रात्री फोन करून तेच सगळं पुन्हा विचारतात. काय चुकतंय? (वाचक, ठाणे)

उत्तर: तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात ‘बी विंग ७ वा स्लॅब काँक्रीट चालू’, ‘प्लास्टर प्रगतीत’, ‘लेबर पुरेसं’ अशी वाक्यं आहेत. यातलं काहीही मोजता येत नाही, म्हणून फोन येतो. प्रत्येक ओळीत जागा, माप आणि वेळ हवी. तीच पहिली ओळ अशी लिहून पाहा (ग्रिड म्हणजे ड्रॉइंगवरच्या कॉलमच्या रेषा, एम३० म्हणजे काँक्रीटची प्रत, क्यूब म्हणजे चाचणीचे ठोकळे):

‘बी विंग, ७ वा स्लॅब, ग्रिड १ ते ६, ए ते डी. एम३० काँक्रीट ४२ घनमीटर. ८ गाड्या आल्या, ७ घेतल्या. पाचवी परत: चलानावर भरल्याची वेळ १२.१०, साइटवर पोचली २.५५. चौथी १.५० ला रिकामी, सहावी ३.१० ला सुरू. खंड ग्रिड ४ जवळ. क्यूब १२.’

रेडीमिक्ससाठीच्या (प्लँटमधून तयार येणाऱ्या काँक्रीटसाठीच्या) आयएस ४९२६ या भारतीय मानकाप्रमाणे गाडी भरल्यापासून २ तासांत रिकामी व्हायला हवी. रिटार्डर (काँक्रीट घट्ट होणं लांबवणारं रसायन) वापरून जास्त मुदत ठरली असेल तर गोष्ट वेगळी. प्लँटवाल्याने परत गेलेल्या गाडीचं बिल लावलं, तर चलानावरची वेळ आणि तुमची नोंद एवढाच पुरावा तुमच्या हातात असतो. ८० मिनिटांचा खंड लिहिणं त्याहून महत्त्वाचं. तिथे कोल्ड जॉइंट (जुन्या-नव्या काँक्रीटमधला कच्चा सांधा) पडू शकतो, आणि पुढे त्याच पट्ट्यात ओल आली तर शोध कुठून सुरू करायचा ते या ओळीवरून कळतं. क्यूब १२ का? आयएस ४५६ नुसार ३१ ते ५० घनमीटरला ४ सॅम्पल आणि एका सॅम्पलला ३ क्यूब. ७ दिवसांच्या चाचणीसाठी हवे असतील तर ते वेगळे भरा आणि वेगळे लिहा.

स्लॅब पडला की त्याची नोंद संपली असं समजू नका. पुढचे दिवस क्युरिंगची (पाणी मारून ओलं ठेवण्याची) ‘७ वा स्लॅब, क्युरिंग दिवस ४/१०’ अशी ओळ ठेवा. पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस लागतात, साध्या ओपीसीला ७; उन्हाळ्यात त्याहून जास्त. टेकू काढण्याचा हिशेबही याच तारखेवर चालतो: आयएस ४५६ मध्ये ओपीसीसाठी ४.५ मीटरपर्यंत गाळा (आधारांमधलं अंतर) असलेल्या स्लॅबला ७ दिवस, त्यापुढे १४. पीपीसी असेल तर आरसीसी कन्सल्टंटला विचारल्याशिवाय टेकूला हात लावू देऊ नका. सेंटरिंगवाल्याला प्लेटा वरच्या मजल्यावर न्यायची घाई असते. तारीख कागदावर नसली की त्याची घाई जिंकते, आणि हे खरोखर जिवावरचं आहे.

लेबर नुसतं मोजू नका, कामाला जोडा: ‘आतलं प्लास्टर, मिस्त्री ४, बिगारी ४, ३८ चौ.मी.’ दुसऱ्या दिवशी तेवढ्याच माणसांत २० चौ.मी. झालं, तर कारण त्याच ओळीत यायला हवं: रेती उशिरा आली, लिफ्ट बंद होती, की इलेक्ट्रिशियनची झिरी (वायरसाठी भिंतीत कोरायची खाच) बाकी होती.

ज्यावर साहेबांचा निर्णय हवा, ते सगळ्यात वर लिहा. दुसऱ्या पानाच्या तळाशी ‘ड्रॉइंग मिळालं नाही’ लिहिलं, तर ते कुणाच्या डोळ्यांखालून जात नाही. नोंदी दिवसभर खिशातल्या डायरीत करा; संध्याकाळी आठवून लिहिलेल्या वेळा नेहमी गोल येतात, ११.००, २.००, ५.००.

प्रश्न: उलव्यात राफ्टचं (सलग स्लॅबसारख्या पायाचं) काम घेतलं आहे. जून-जुलैत बरेच दिवस बुडाले. रिपोर्टमध्ये रोज ‘पावसामुळे काम बंद’ लिहिलं होतं, तरी मुदतवाढ मागितल्यावर क्लायंटने ते दिवस नाकारले. (कंत्राटदार, नवी मुंबई)

उत्तर: ‘पावसामुळे काम बंद’ यातून पाऊस किती वेळ होता आणि कोणतं काम बंद होतं, हे कळत नाही. शटरिंग यार्डात शेडखाली सळई कापणं चालू असेल, तर पूर्ण दिवस बुडाला असं कुणी मानणार नाही. पावसाची सुरुवात आणि शेवट, थांबलेलं काम, बसून राहिलेली माणसं आणि पंप किती तास चालला, हे सगळं लिहा.

उलव्यासारख्या सखल, भराव टाकलेल्या नोडमध्ये एक फरक फार पैशांचा आहे. खड्ड्यातलं पाणी पावसाचं, की जमिनीतून झिरपलेलं? झिरपणारं पाणी उपसणं बऱ्याच करारांत तुमच्या दरातच धरलेलं असतं. म्हणून पट्टी रोवून सकाळी ८, दुपारी १२ आणि संध्याकाळी ५ ला पातळी नोंदवा. कोरड्या दिवशीही पातळी चढली, तर ते झिरपण.

पावसाच्या आकड्यात एक गफलत नेहमी होते. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या सकाळी ८.३० असा असतो. १२ तारखेला दुपारी कोसळलेला पाऊस १३ तारखेच्या नोंदीत दिसतो, आणि क्लायंट म्हणतो, ‘१२ ला तर पाऊस नव्हताच.’ शिवाय कुलाबा-सांताक्रूझच्या हवामान केंद्रांचा आकडा उलव्याला लागू पडेलच असं नाही. साइटवर साधं पर्जन्यमापक ठेवा आणि रोज ८.३० ला वाचा.

यातल्या अडथळ्याच्या नोंदी हिंडरन्स रजिस्टरमध्येही हव्यात, क्लायंटच्या इंजिनिअरच्या सहीसह, त्याच आठवड्यात. करारात नोटिशीची मुदत दिली असेल, तर ती चुकवू नका. पाऊस आणि ड्रॉइंगची वाट असे दोन अडथळे एकाच दिवशी आले, तर दिवस एकदाच धरला जातो.

प्रश्न: व्हॉट्सॲपवर फोटो टाकतोच, मग वेगळा रिपोर्ट कशाला? (वाचक, खारघर)

उत्तर: व्हॉट्सॲपवरून गेलेल्या फोटोतली तारीख-ठिकाणाची आतली माहिती गळून जाते, सहा महिन्यांनी तो कोणत्या मजल्याचा, हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. फोटोत एक पाटी धरा: तारीख, विंग, मजला, ग्रिड. जे काँक्रीटखाली झाकलं जाणार ते आधी टिपा: कव्हर ब्लॉक (सळईखालचे ठोकळे), सळयांचे लॅप (एकमेकींवर आलेली टोकं), कंड्युट (वायरचे पाइप), स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी ठेवलेल्या नळ्या). मूळ फोटो फोनमध्येच न ठेवता साइटच्या कॉम्प्युटरवर तारखेच्या फोल्डरमध्ये उतरवा आणि रिपोर्टच्या ओळीसमोर फोटोचा नंबर लिहा.

प्रश्न: रिपोर्ट मराठीत चालेल का? (वाचक, कळवा)

उत्तर: करारात भाषा ठरवली असेल तर तीच. नसेल, तर हजेरी आणि रोजच्या मापाचा भाग मुकादमाला वाचता येईल अशा भाषेत ठेवा, कारण खाली सही त्याची असते.