जॅक्सनची १९०३ ची मोटारसफर: खरी किती, जाहिरात किती?

१९०३ मध्ये डॉ. होरेशिओ नेल्सन जॅक्सनने मोटारीने अमेरिका पार केली, ती गोष्ट खरी की त्याची गाडी बनवणाऱ्या विंटन कंपनीने उठवलेली, असं तुम्ही विचारलंय. सफर खरी. २३ मेला सॅन फ्रान्सिस्कोहून निघून २६ जुलैला तो आणि मेकॅनिक क्रॉकर न्यूयॉर्कला पोचले.

संशय तेव्हाही घेतला गेलाच. पैसे कंपनीचे होते, मधल्या टप्प्यात गाडी रेल्वेने नेली, अशा कंड्या पिकल्या. हे सिद्ध करणाऱ्याला कंपनीने १०,००० डॉलर देऊ केले. कुणी पुढे आलं नाही. मला हा पुरावा फारसा पटत नाही, कारण असं बक्षीस लावणं हीही जाहिरातच. मला पटतात ती जॅक्सनने वाटेतून बायकोला लिहिलेली पत्रं. कुत्र्याचंच घ्या. आयडाहोत बड नावाचा कुत्रा गाडीत आला, धुळीपासून डोळे वाचावेत म्हणून त्यालाही गॉगल चढवला. पेपरवाल्यांना आणखी काय हवं! तो कुठून आला याच्या नाना कथा छापून आल्या, एकीत तर तो चक्क चोरलेला. पत्रात मात्र साधा हिशेब आहे: १५ डॉलरला विकत घेतला. बायकोला तिखटमीठ लावून सांगण्यात त्याचा काय फायदा?

पैशाचं म्हणाल, तर मोटारीने देश पार करता येतो का यावर क्लबात लागलेली पैज ५० डॉलरची आणि खर्च झाला सुमारे ८,०००. ते त्याला परवडत होतं. सासरे टॉनिकच्या धंद्यात गब्बर झालेले. गाडीही विकत घेतलेली, तीसुद्धा वापरलेली. शिवाय ६३ दिवसांतले कित्येक दिवस सुट्या भागांची वाट बघत गेले. कंपनीने आखलेल्या सफरीत हे चाललं नसतं.

आखलेली सफर बघायची तर त्याच उन्हाळ्यातली पॅकार्ड या दुसऱ्या मोटार कंपनीची बघा. चालवायला टॉम फेच, सोबत कॅमेरा घेतलेला पत्रकार, आणि ६१ दिवसांत न्यूयॉर्क. सगळा बेत कंपनीचा, तरी अंतर खरंच कापलेलं.

तसंच १९०९ मध्ये २२ वर्षांच्या अॅलिस रॅम्सीला मॅक्सवेल या मोटार कंपनीनेच देश पार करायला पाठवलं, प्रसिद्धीसाठी कंपनीचा माणूसही पुढे धाडला. पण बरोबरच्या तिघींपैकी एकीलाही गाडी चालवता येत नव्हती. न्यूयॉर्कपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत स्टिअरिंगवर तीच होती.