कोरा चहा काचेच्या ग्लासात स्वच्छ दिसला म्हणजे पावडर चांगली असते का?

गरम असताना स्वच्छ दिसायलाच हवा. पण गार झाल्यावरही तो तसाच राहिला पाहिजे असं कोणी सांगितलं असेल, तर ते साफ चूक आहे.

आमचं सुट्या चहाचं दुकान. मिश्रण वडील करायचे, गल्ल्यावर काका. एकदा लग्नाची कामं घेणारे एक आचारी आसामची अख्खी गोणी परत घेऊन आले. सोबत बाटलीत गार झालेला कोरा चहा, विटकरी आणि गढूळ. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "यात माती आहे." काकांनी पैसे मोजायलाही घेतले. वडिलांनी त्यांना थांबवलं, बाटली पातेल्यात रिकामी केली आणि स्टोव्ह पेटवला. उकळी फुटायच्या आतच गढूळपणा गेला. तोच चहा लालभडक झाला, तळाचा ओरखडा दिसावा इतका स्वच्छ. माती विरघळते का कधी? आचारी काही न बोलता गोणी घेऊन गेले.

चहाच्या धंद्यात याला क्रीम धरणं म्हणतात. पानं आंबवताना थिअफ्लेविन आणि थिअरुबिजिन ही चहाला रंग आणि कडकपणा देणारी द्रव्यं तयार होतात. चहा गार होत आला की ती कॅफीनशी जोडली जातात आणि पाण्यात मावत नाहीत, म्हणून चहा गढुळतो. तापवलं की पुन्हा विरघळतात. आसामच्या सेकंड फ्लशचा, म्हणजे मे-जूनच्या तोडीचा, कडक चहा क्रीम धरतो तो याच गुणामुळे. पाणचट चहा गार होऊनही स्वच्छ राहतो, कारण त्यात गढुळायला काही नसतंच.

काकांना हे कधीच पटलं नाही. गिऱ्हाईक डोळ्यांनी चहा घेतं, हलकीच पावडर ठेवा, हा त्यांचा हेका. माझ्या मते असं करणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणंच आहे. स्वच्छ लाल रंग तर भेसळीच्या रंगानेही येतो. ओल्या टिपकागदावर पावडर पसरा, थोड्या वेळाने झटकून कागद नळाखाली धरा. रंगाचे डाग राहिले तर ती पावडर फेकून द्या.

हे सगळं काळ्या, म्हणजे पानं आंबवून केलेल्या चहाचं झालं. जपानचा खूप वाफवलेला सेंचा, म्हणजे तिथला हिरवा चहा, गरम असतानाच गढूळ असतो, कारण पानांचा बारीक चुरा त्यात उतरतो. तो दोष नाही. बोअरच्या जड पाण्यात चांगला चहाही मळकट दिसतो आणि वर तवंग येतो, म्हणून पाणी बदलून पाहिल्याशिवाय दुकानदाराशी भांडू नका. पाणी बदलूनही काळा चहा गरम असताना गढूळच राहिला, तर मात्र पावडर वाईट.

तुम्ही रोज दूध घालून पीत असाल तर ग्लास उजेडाला धरून बघण्यात काही अर्थ नाही. चाखणारे 100 मिलीला 2 ग्रॅम पावडर घेऊन 6 मिनिटं ठेवतात. तसे दोन वेगळ्या पावडरींचे दोन पेले करा, दोन्हींत सारखं दूध घाला. कसदार चहा दुधातही तांबूस, तजेलदार राहतो. काकांची ती हलकी पावडर राखाडी पडते.