घरखर्चाची प्रश्नोत्तरे : संध्याकाळी साडेसातचा खर्च

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो, पुण्यात राहतो. आठवड्यातून तीनदा तरी बाहेरून जेवण येतं. स्वयंपाकाला बाई लावणं परवडेल का?

आधी मागवलेल्या जेवणाचं बिल नीट वाचा. पदार्थाच्या किमतीवर पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म फी, जीएसटी. शिवाय ॲपवरचा दर हॉटेलातल्या दरापेक्षा बऱ्याचदा चढाच असतो. दोघांचं जेवण ४०० रुपये धरलं, तरी महिन्याला पाच हजारांच्या वर गेलात. तेवढ्यात पोळ्यांपुरत्या मावशी मिळतात का, सोसायटीत विचारून बघा.

नाहीच मिळाल्या, तर कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून नुसत्या पोळ्या आणा. याला उधळपट्टी म्हणणारं कुणीतरी घरात असतंच, म्हणू द्या. दमून आल्यावर खरा कंटाळा कणीक मळायचा असतो, भाजीचा नसतो. पोळ्या तयार असल्या की हात फोनकडे जात नाही. रविवारी कांदा-खोबऱ्याचं वाटण करून लहान डब्यांत फ्रीजरला टाका, मटकीला मोड आणून ठेवा. मग उसळीला अर्धा तासही लागत नाही. आणि अगदीच काही सुचत नाही अशा दिवसासाठी एक पदार्थ आधीच ठरवून ठेवा : मुगाच्या डाळीची खिचडी किंवा भाजणीचं थालीपीठ. भूक लागल्यावर ‘आज काय करायचं’ याची चर्चा सुरू झाली, की ऑर्डर गेलीच म्हणून समजा.

प्रश्न : ३०० युनिटच्या वर गेलं की सगळ्याच युनिटना महाग दर लागतो म्हणतात. खरं आहे का? (नाशिक)

नाही. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात, पण वरचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटना लागतो. म्हणजे ३१० युनिट झाले, तर महाग दर शेवटच्या दहांनाच. याचा फायदा असा, की वाचवलेला प्रत्येक युनिट सर्वांत महागड्या टप्प्यातून कमी होतो.

तो वाचवायचा कुठे? दिवे बंद करा म्हणून मुलांच्या मागे लागू नका. एलईडी दिव्यांत फारसं काही उरलेलं नाही. पंखा बघा. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज १२ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला साधारण १६ युनिट वाचतात. सगळे एकदम बदलायची गरज नाही. सर्वांत जास्त फिरणारा, म्हणजे बहुधा झोपायच्या खोलीतला, आधी बदला. दुसरा चोर सेट-टॉप बॉक्स. रिमोटने टीव्ही बंद केला तरी तो जागाच असतो. १० वॅटचा बॉक्स रात्रंदिवस चालू राहिला तर महिन्याला सात युनिट जातात. रात्री भिंतीवरचं बटणच बंद करा.

प्रश्न : फ्रिज ‘नो कॉस्ट ईएमआय’वर, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांवर, घ्यावा का?

दुकानदाराला आधी विचारा, ‘रोख दिले तर किती?’ तिथे सूट मिळत असेल, तर हप्त्याचं व्याज त्या सुटीतच दडलेलं असतं. प्रोसेसिंग फी आणि, हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर, व्याजावरचा १८ टक्के जीएसटी हे बिलावर वेगळे दिसतात. तेवढं धरूनही जमत असेल तर घ्या, हप्त्यांत काही पाप नाही. मात्र क्रेडिट कार्डाची ‘किमान रक्कम’ भरून पुढे ढकलू नका. बऱ्याच कार्डांवर ते व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्या घरात जातं.

प्रश्न : सासूबाई वर्षाचं धान्य भरायला सांगतात. फ्लॅट लहान आहे. (ठाणे)

गहू भरा, तोही जागा असेल तर. उन्हाळ्यात घेऊन, कडक ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवला की टिकतो. तूरडाळ तीन-चार महिन्यांची पुरे. रवा-पोह्यांची साठवण मुळीच नको, पावसाळ्यात अळ्या होतात आणि वाचवलेलं सगळं कचऱ्यात जातं. सासूबाईंना निवडायला आवडत असेल तर दळणाचं खातं त्यांच्याकडेच द्या.

प्रश्न : यजमान रोजचा खर्च वहीत लिहायला सांगतात. वेळच होत नाही.

मग लिहू नका. किराणा, भाजी, रिक्षा, बाहेरचं खाणं यांच्यासाठी वेगळं बचत खातं ठेवा आणि दर सोमवारी ठरावीक रक्कम त्यात वळवा. यूपीआय त्याच खात्याला जोडा. शुक्रवारी शिल्लक बघितली की हिशेब कळला.

एक काम मात्र यजमानांना सांगा : यूपीआय ॲपमधला ‘ऑटोपे’ विभाग उघडून बसा. कुणीच बघत नसलेल्या ओटीटीचे आणि सोडून दिलेल्या जिमचे पैसे तिथून आपोआप कापले जातात. वही लिहिण्याइतका उत्साह असलेल्या माणसाला हे अर्ध्या तासाचं काम आहे.