अर्जात 'मछली' लिहू नका (जैसलमेरच्या वाळूतली सापसुरळी)

तुम्ही लिहिलंत की जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर दोन दिवस फिरलात, नागमोडी रेघा दिसल्या, दुपारी खणूनही हाती काही लागलं नाही आणि आता यावरच एमएस्सीचा प्रोजेक्ट करायचाय. वाचून हसूही आलं आणि पोटात गोळाही.

रेघ बहुतेक ओफिओमोरस रैथमाईची (फोटोशिवाय छातीठोकपणे सांगत नाही). आपल्या अंगणातल्या सापसुरळीची नातलग. पाय नावापुरते, बोटं तीन-तीन. ती वाळूच्या वरच्या थराखालूनच सरकते, म्हणून वर रेघ उमटते. दुपारी कशाला सापडेल? संध्याकाळी किंवा उजाडायच्या आत जा. रेघ जिथे संपते तिथे बाजूने दोन्ही ओंजळी घालून वाळू उचला. खुरपं अजिबात नको. शेपटीला धरू नका, तुटते.

तुम्ही सोबत दिलेला व्हिडिओ सहारातल्या स्किंकसचा आहे, तो सापसुरळीच्याच कुळातला, पण वेगळा. तोही पायांनी वल्हवत नाही बरं का. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या डॅनियल गोल्डमन यांच्या गटाने 2009 मध्ये एक्स-रेखाली पाहिलं: वाळूत शिरला की पाय अंगाला चिकटवतो आणि नुसतं अंग वळवत पोहतो.

आता ती पकडायला लागणारी वन विभागाची परवानगी. तिथले लोक हिला 'रेत की मछली' म्हणतात. मी शहाणपणा करून अर्जाच्या विषयात तेच लिहिलं. चार महिन्यांनी अर्ज परत, वर शेरा: 'प्रकरण मत्स्य विभाग से संबंधित है'. थरच्या वाळवंटात! फोन केला तर साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या अर्जाची परवानगी डिसेंबरात आली. तेव्हा वाळू पहाटे बर्फासारखी, आठवडाभरात एक रेघ दिसली नाही. वर्ष गेलं, गाईड वैतागले ते वेगळंच. सगळी ऑफिसं अशी नसतात, आता पद्धतही बदलली असेल. पण विषयात शास्त्रीय नाव आणि 'सरीसृप' (म्हणजे सरपटणारा प्राणी) एवढंच लिहा, आणि अर्ज दिवाळीनंतर लगेच टाका. हातात घ्यायचंच तर कागद आल्यावर.

कुणी वाळवलेली सापसुरळी 'रेगमाही' या नावाने ताकदीचं औषध म्हणून दाखवली तर नमुना म्हणूनही विकत घेऊ नका. मागणी आपणच वाढवतो.

जुने पेपर शोधताना 'ट्रायडॅक्टिलस' नावानेही शोधा. आपली ही प्रजाती त्यातून 1966 मध्ये वेगळी काढली. आणि रेघेचा फोटो टाका, शेजारी पेन ठेवलेला असेल तर फारच छान.