समतोल, संतुलन की वापसा?

एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या ऑफिसात वेलनेसचं सेशन झालं, त्यात शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या तुम्हा सगळ्यांचा फायर एलिमेंट वाढलाय, वॉटर एलिमेंट वाढवा, आणि आता त्याचं मराठी पोस्टर करायचं काम ताईंच्या गळ्यात पडलंय. तर 'पंचतत्त्वांचा समतोल' लिहायचं की 'पंचमहाभूतांचं संतुलन'? आणि आपल्या रोजच्या बोलण्यात ही कल्पना मुळात आहे का, की सगळं बाहेरून आलंय?

सोपं आधी उरकतो. दोन्ही बरोबर आहेत. दोन्हींच्या पोटात तुल् म्हणजे तोलणे हाच धातू, फक्त समतोल मधला 'सम' म्हणजे सारखा आणि संतुलन मधला 'सम्' हा उपसर्ग, दिसायला भाऊ पण घरं वेगळी. समतोल हे नाम आणि विशेषण दोन्ही चालतं (समतोल राखा, समतोल आहार), संतुलनाचं विशेषण करायला संतुलित म्हणावं लागतं. हिंदी पेपरात संतुलनच दिसेल, समतोल जवळपास नाहीच, पण आमच्या सोलापुरात शेजारचे कन्नडवाले समतोल, समतोलन म्हणतात आणि तेलुगूवाले समतुल्यता, समतौल्यम म्हणतात, त्यामुळे माझं मत आपलं समतोललाच. पोस्टरवर तो शब्द या शेजाऱ्यांनाही कळेल की ओ.

भूत की तत्त्व, तर पंचमहाभूतं हा नेमका शब्द. भूत म्हणजे 'जे झालं ते', त्यातूनच भूतकाळ आणि झाडावरचं भूत पण. तत्त्व लिहिणार असाल तर दोन त घाला, अर्ध्या शहराचे बोर्ड एकाच त वर भागवतात. आणि कृपा करून एलिमेंटचं 'मूलद्रव्य' करू नका, ते केमिस्ट्रीचं आहे, ऑक्सिजन-लोखंडवालं. ग्रीकांचा एम्पेडोक्लीस चारच धरायचा, माती पाणी हवा आग, पाचवं ॲरिस्टॉटलनं जोडलं. आपल्या पाचांच्या यादीत आकाश आहेच, तैत्तिरीय उपनिषदात तर भुतांची सुरुवातच तिथून, आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, अग्नीपासून पाणी, पाण्यापासून पृथ्वी. ही यादी पुढेही जाते, त्यावर येतो नंतर.

आता खरा प्रश्न. माझ्या मते रोजच्या मराठीत कल्पना आहे, पण समतोल या नामात नाही. घरात कोण म्हणतं माझा समतोल बिघडला? तोल गेला, तोल सुटला म्हणतात. तब्येत वरखाली होत असेल तर प्रकृती तोळामासा. बारा मासे म्हणजे एक तोळा, म्हणजे कधी काट्यावर पूर्ण तोळा भरतो कधी नुसता मासा, एवढी सोनाराची मोजदाद एका शब्दात. एखादा दुसऱ्यापुढे अगदीच कमी पडला तर तो त्याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि पासंग म्हणजे तराजूची दोन पारडी सारखी करायला हलक्या बाजूला बांधतात तो बारका दगड, मूळ फारसी. आपल्याला बॅलन्स कळतो तो बाजारातल्या काट्यावरून. दुसरा शब्द पेलणे. जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला सिद्धेश्वराच्या मिरवणुकीत नंदीध्वजाच्या उंचच उंच काठ्या निघतात, पांढरी बाराबंदी घातलेली माणसं त्या पेलत चालतात, आधी कितीतरी दिवस सराव करतात. तिथं कुणी 'त्यानं काठीचा समतोल साधला' असं म्हणत नाही, पेलली म्हणतात. पेलण्यात वजन पण आहे आणि तोल पण आहे, समतोलमध्ये वजन दिसतच नाही, म्हणून तो शब्द मला थोडा कागदी वाटतो. नोकरी, घर, म्हातारे आईवडील सगळं एकटीनं पेलते असं म्हणतो आपण, तोच हा शब्द.

या पंचमहाभूतांचे वाक्प्रचार बघितले तर बहुतेक सगळे बिघाडाचे. तळपायाची आग मस्तकात गेली. कानात वारं शिरलं. केल्या कामावर पाणी पडलं. धंद्याची माती झाली (आमच्याकडे 'मातीला जाऊन आलो' म्हणजे अंत्यविधीला जाऊन आलो, ते वेगळं). आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं लावणार. एक भूत जास्त झालं की माणूस बिघडला हे भाषेला चांगलं ठाऊक आहे, सगळं ठीक असताना मात्र ती गप्प बसते. वैद्यकात ठीक असण्याची व्याख्या आहे, आयुर्वेदातला सुश्रुत म्हणतो दोष (वात, पित्त, कफ) सम, अग्नी (पचनाचा) सम, शरीरातले धातू (रस, रक्त, मांस वगैरे) आणि मलक्रिया सम, शिवाय आत्मा, इंद्रियं, मन प्रसन्न, तो स्वस्थ. म्हणजे ताईंच्या मॅडमनी आग वाढलीय म्हटलं त्याला या 'समाग्नी'चा जुना आधार थोडाफार आहे, जरी तो अग्नी पोटातला असला. फक्त मराठीत त्या स्वस्थचं काय झालं बघा, 'जरा स्वस्थ बस' म्हणजे वळवळ करू नको! मे महिन्यात पारा ४४ वर गेल्यावर सोलापुरात दुपारी माणूस आपोआप स्वस्थ होतो.

पाण्याबद्दल एक. ताई, पोस्टरवर 'पाणी म्हणजे शांतता' असं सरसकट टाकू नका. मराठीत माणसाचं पाणी जोखतात, आणि जोखणे म्हणजे परत वजनच करणे. पाणीदार डोळे, पाणीदार घोडा, मोत्याचं पाणी, इथं पाणी म्हणजे तेज. तलवारीचं पाणी तर आगीशिवाय येतच नाही. लोहार कोयत्याला पाणी देतो म्हणजे काय करतो, लोखंड लाल करून पाण्यात बुडवतो, त्यानं ते कडक होतं पण इतकं कडक की काचेसारखं ठिसूळ, म्हणून परत थोडी ऊब देतो आणि पात्यावर आधी पिवळसर मग निळसर झाक चढते ती बघून थांबतो. नुसती आग ठेवली तर मऊ, नुसतं बुडवून सोडलं तर पहिल्याच ऊसाला तुकडा उडणार. फायर कमी करा वॉटर वाढवा हे गणित लोहाराला पटणार नाही, त्याला दोन्ही लागतात, कधी थांबायचं एवढंच शिकावं लागतं.

आकाशाचं तर मला सगळ्यात आवडतं. आकाश आणि अवकाश दोन्ही काश् या एकाच धातूचे. अवकाश म्हणजे मोकळी जागा आणि मराठीत मोकळा वेळ सुद्धा, 'गाडी यायला अजून अवकाश आहे', 'अवकाश मिळाला की कळवा', हिंदीत तर सुट्टीच. वर्क-लाइफ बॅलन्सला मराठी शब्द शोधत लोक डोकं फोडतात, पण ज्याला आकाश हे भूत कमी पडलंय त्याला सरळ अवकाश कमी पडलाय म्हणता येतं, आणि हे काही ओढूनताणून जुळवलेलं नाही, शब्दच तसा आहे.

पण सगळी भुतं जागच्या जागी आहेत असं एका शब्दात सांगायचं झालं तर मी शेतात जाईन. वापसा. कुणी वाफसा लिहितं, दोन्ही चालतं. आमच्याकडची काळी माती, पाऊस झाला की पायाला किलो किलोचे गोळे चिकटतात, औत घातलं तर नुसता चिखल आणि वर वाळला की दगड. चार दिवस जास्त थांबलात तर ढेकळं, भेगा, बी घालून उपयोग नाही. मधले थोडे दिवस असे येतात की मातीच्या कणाकणाला ओल असते पण कणांमधल्या पोकळीत पाण्यानं जागा सोडलेली असते, तिथं हवा खेळते, जमिनीत थोडी ऊब असते, तो वापसा. पिकाच्या मुळांना पाणी आणि हवा दोन्ही लागतं, नुसत्या पाण्यात मुळं गुदमरतात. बघायची पद्धत पण साधी, मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा, गोळाच झाला नाही तर कोरडी, पडून तसाच राहिला तर ओली, फुटून मोकळा झाला तर वापसा आलाय, रब्बीची ज्वारी पेरायला घ्या. माती, ओल, ऊब, हवा आणि हवेला पोकळी, मोजा बरं किती झाली. आणि ते तैत्तिरीयातलं, पृथ्वीवर थांबत नाहीत ते, पुढं पृथ्वीपासून वनस्पती आणि वनस्पतींपासून अन्न. ते लिहिणाऱ्यांनी पेरणी बघितलेली असणार.

शिवाय या शब्दाचं क्रियापद बघा, समतोल 'साधावा' लागतो, वापसा 'येतो'. तो आणता येत नाही, पाऊस थांबल्यावर वाट बघायची आणि आला की गमवायचा नाही. ऑफिसच्या पोस्टरला हे कितपत मानवेल माहीत नाही, एच आर वाल्यांना साधायचंच असतं काहीतरी.

तर ताई, मोठ्या अक्षरात 'पंचमहाभूतांचा समतोल' लिहा, कुणी चूक काढणार नाही. खाली बारीक अक्षरात जागा उरली तर 'मनाला जरा वापसा येऊ द्या' टाकून बघा. कुणाला कळणार नाही अशी भीती असेल तर आधी एकदा डबा खायच्या वेळी विचारा, सोलापूरच्या ऑफिसात मोहोळ-मंगळवेढ्याकडं शेत असलेलं कुणी ना कुणी निघतंच, आणि तो पुढचा अर्धा तास यंदा वापसा कसा आलाच नाही हेच सांगत बसेल.